गायतोंड्यांच्या चित्रासमोर उभं राहायचं कसं

आत्याला घेऊन मी मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात गेले होते. काळा घोड्याजवळची, सर कावसजी जहांगीर हॉलची ती जुनी इमारत. एका उंच, पिवळसर-करड्या कॅनव्हाससमोर आत्या थांबली. जरा मागे सरकून पाहिलं, पुढे येऊन पाहिलं, मग शेजारची पाटी वाचली. पाटीवर चित्रकाराचं नाव, आणि चित्राच्या नावाच्या जागी ‘शीर्षकहीन’. ती माझ्याजवळ आली आणि गाभाऱ्यात बोलावं तशा आवाजात म्हणाली, “हे कशाचं आहे गं?”

तिच्या आवाजात संकोच होता. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेली, ज्ञानेश्वरीतली ओवी मुलांना अलगद उलगडून सांगणारी ही बाई एका चित्रासमोर स्वतःला अडाणी समजत होती. ते मला फार लागलं. चूक तिची नव्हती. आपल्याकडे चित्रांबद्दल जे लिहिलं जातं, त्यातलं बरंचसं इतकं जड असतं की वाचणारा आणखीच दूर जातो. म्हणून तिला त्या दिवशी आणि नंतर जे सांगितलं, तेच इथे लिहिते आहे.

‘कशाचं आहे’ हा प्रश्न आपल्याला पडतो, कारण आपल्या नजरेला तशीच सवय लागली आहे. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि लक्ष्मी, सरस्वती, दमयंती रंगीत छापील चित्रांतून घराघरांत पोचल्या. पुढे कॅलेंडरं आली. शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा आल्या. वस्तुचित्रात तांब्या तांब्यासारखा दिसला की गुण, स्मरणचित्रात बाजार बाजारासारखा दिसला की गुण. त्याच परीक्षेत ‘संकल्पचित्र’ नावाचा एक पेपर असायचा. चौकोनात वर्तुळं, पानं, पट्टे मांडायचे आणि रंग भरायचे. त्या पेपरात ‘हे कशाचं आहे’ असं कोणी विचारत नसे. तोल साधलाय का, रंग एकमेकांना मारतायत का, रिकामी जागा नीट सोडली आहे का, एवढंच पाहत. म्हणजे चित्र पाहायची दुसरी रीत आपल्याला शाळेतच शिकवली होती. ती आपण डिझाइनच्या खात्यात टाकली आणि विसरलो.

आता सगळ्यांना आवडणाऱ्या एका चित्राकडे या. सावळाराम हळदणकरांचं दिवा घेतलेल्या स्त्रीचं चित्र. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे, अनेकांना ते रविवर्म्यांचं वाटतं. हळदणकर सावंतवाडीचे, चित्र १९४०च्या दशकातलं, आणि चक्क जलरंगात केलेलं. एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा आडोसा. लोक त्यासमोर खिळून राहतात ते कशामुळे? दिवा घेतलेल्या बाया तर शेकडो चित्रांत आहेत. इथे ज्योतीचा उजेड बोटांच्या आरपार येतो, बोटांच्या कडा तांबूस होतात, आणि तिथून तो उजेड चेहऱ्यावर चढत जातो. आपण बघतो ते हे. चित्रात ‘काय’ आहे ते एका वाक्यात सांगून संपतं. आपल्याला धरून ठेवतं ते ‘कसं’.

मग एखाद्या चित्रकाराला वाटलं की बाई काढून टाकू, दिवाही काढून टाकू, फक्त तो उजेड ठेवू, तर? आधुनिक चित्रकलेतली बरीचशी वाट या एका ‘तर’मधून जाते. हे एकदम झालं नाही. १८३९ मध्ये छायाचित्रण जाहीर झालं, १८५४ मध्ये तर मुंबईत फोटोग्राफिक सोसायटीही निघाली. हुबेहूब नोंद ठेवायचं काम हळूहळू यंत्राकडे गेलं आणि यंत्राला जे जमत नाही ते चित्रकार शोधू लागले. फ्रान्समध्ये क्लोद मोनेने ल हाव्रच्या बंदरावरची धुकट सकाळ रंगवली. पॅरिसमधल्या १८७४ च्या प्रदर्शनात एका समीक्षकाने त्या चित्राच्या नावावरूनच टवाळी केली आणि तेच नाव, इम्प्रेशनिझम, पुढे पंथाला चिकटलं. इथून पुढच्या पंथांची यादी पाठ करायची काही गरज नाही. नवख्या माणसाची निम्मी ताकद त्या नावांतच जाते.

त्यापेक्षा पिकासोचे बैल पाहा. डिसेंबर १९४५ ते जानेवारी १९४६ या काळात पॅरिसमधल्या एका शिळाछापखान्यात त्याने एकाच दगडावर पुन्हा पुन्हा काम करून बैलाच्या अकरा अवस्था छापल्या. पहिल्यांत बैल भरीव आहे, मांसल आहे. मग पिकासो त्याचे भाग पाडतो, जणू कुठे कशाला जोडलंय ते तपासतो. मग वजाबाकी सुरू होते. छाया जाते, कातडं जातं, वजन जातं. अकराव्या छापात मोजक्या रेषा उरतात: पाठ, पाय, शिंगं, इवलंसं डोकं. आणि तरीही तो बैलच आहे. चित्रांची भाषा बोलणारे लोक ‘अमूर्तीकरण’ म्हणतात ते हे. ज्याने आपल्याकडे पोळ्याचा मातीचा बैल हातात घेतला आहे, त्याला हे वेगळं सांगायला नको. कुंभाराने डोळ्यांच्या पापण्या काढलेल्या नसतात. वशिंड, शिंगं आणि पाठीचा बाक एवढ्यावर तो बैल उभा असतो, आणि आपण त्याची पूजाही करतो.

पूजेवरून आठवलं. गावाच्या वेशीवरचा शेंदूर फासलेला तांदळा पाहिलाय ना? नाक नाही, डोळे नाहीत, हात नाहीत. नुसता एक गोल दगड, थरावर थर चढलेला शेंदूर. त्याच्यापुढे उभं राहून कोणी म्हणत नाही, ‘हे कोणासारखं दिसतं?’ आजीने जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून शिवलेली गोधडी अंगावर घेताना आपण विचारत नाही की हा निळा चौकोन म्हणजे आकाश का. पण कुठली गोधडी देखणी आणि कुठली ओबडधोबड ते आपल्याला लगेच कळतं. गाण्यात तर हे इतकं मुरलेलं आहे की बोलायलाच नको. आलापात शब्द नसतात म्हणून मैफलीतून कोणी उठून जात नाही. निराकार आपल्याला परका नाही. तो चौकटीत बसून भिंतीवर टांगला गेला की मात्र आपण बिचकतो.

एवढं आत्याला सांगितलं आणि आम्ही पुन्हा त्या पिवळसर चित्राकडे वळलो. चित्र होतं वासुदेव संतू गायतोंड्यांचं.

गायतोंडे १९२४ मध्ये नागपुरात जन्मले. घराणं गोव्याचं, वाढले गिरगावात. १९४८ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून बाहेर पडले. आदल्याच वर्षी मुंबईत सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे या सहा जणांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला होता. गायतोंडे १९५० मध्ये त्यांच्यात आले. लोकांना वाटतं, अमूर्त चित्रं काढणाऱ्याला माणूस काढता येत नसेल. गायतोंड्यांची सुरुवातीची चित्रं पाहिली की तो संशय फिटतो. आपल्या लघुचित्रांचा अभ्यास करून काढलेल्या आकृती त्यांत आहेत, रेषेवर पक्की पकड आहे. मग पॉल क्ले या चित्रकाराचा प्रभाव दिसतो, आकृती खुणांसारख्या होतात. पन्नासचं दशक संपता संपता आकृती गळून जातात. पिकासोने एका दगडावर केलेली वजाबाकी या माणसाने एका तपात, स्वतःच्या अख्ख्या कामावर केली. स्वतःच्या चित्रांना ‘अमूर्त’ म्हटलेलं त्यांना रुचत नसे. ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ म्हणा, असा त्यांचा आग्रह. फरक बारीक वाटतो, पण कामाचा आहे. अमूर्त म्हटलं की मूळ वस्तू कुठेतरी होती आणि ती पुसली असं वाटतं. त्यांचं म्हणणं, इथे मुळात वस्तू नव्हतीच. झेन विचार, रमण महर्षी आणि मुंबईतले निसर्गदत्त महाराज ही त्यांची ओढ. मौन त्यांना प्रिय. हे माहीत असलं तर बरं, नसलं तरी चित्र अडत नाही.

अडतं ते चित्र झालं कसं हे न कळल्यामुळे. म्हणून तिथे जरा थांबू.

कुंचला त्यांनी बराचसा बाजूला ठेवला आणि रोलर घेतला. तैलरंगाचा पातळ थर रोलरने पसरायचा. त्यावर दुसरा थर. रंगसुरीने कुठे खरवडायचं, म्हणजे खालचा रंग वर डोकावतो. वर्तमानपत्राचे, मासिकाचे कागद फाडून त्या तुकड्यांनी ओल्या पृष्ठभागावर रंग टेकवायचा किंवा उचलायचा. कागद उचलला की मागे जो ठसा राहतो तो कुंचल्याने काढताच येत नाही. कडा तुटक, मध्येच दाट, मध्येच विरलेला. चित्राच्या मधल्या पट्ट्यात लिपीसारख्या ज्या खुणा तरंगताना दिसतात, त्या अशा उमटतात. वाचता येणार नाही अशी लिपी.

पातळ थरांना इतकं महत्त्व का? जाड रंगावर पडलेला उजेड पृष्ठभागावरूनच परततो. थर पातळ, पारदर्शक असला तर उजेड आत शिरतो, खालच्या थराला लागतो आणि त्या रंगात भिजून बाहेर येतो. उन्हाळ्यात नदीचं पाणी गुडघाभर असतं तेव्हा तळाचे गोटे पाण्याखालून उजळलेले दिसतात, तसं. त्यामुळे गायतोंड्यांच्या चित्रात उजेड बाहेरून पडलाय असं वाटत नाही, आतून येतोय असं वाटतं. हळदणकरांच्या चित्रातल्या तांबूस बोटांचीच ही गोष्ट, फक्त बोटं नाहीत. आणि म्हणूनच मोबाइलच्या पडद्यावर ही चित्रं मेल्यासारखी दिसतात. थर एकमेकांत चेपले जातात. फोटो पाहून गायतोंडे आवडले नाहीत असं कोणी म्हणालं तर मी ते मत धरत नाही.

आत्याला मी म्हटलं, आता पाटी वाचू नकोस, दहा मिनिटं इथेच थांब. दहा मिनिटं ही फार असतात. पहिल्या दोन मिनिटांत कंटाळा येतो, तो येऊ द्यायचा. आधी लांबून, दहा-बारा पावलांवरून. त्यांची सत्तरच्या दशकातली बरीच चित्रं उभट आहेत, जवळपास माणसाच्या उंचीची. लांबून पाहताना डोळे अर्धवट मिटायचे. चित्रकलेचे शिक्षक हे पहिल्या वर्षालाच शिकवतात. डोळे किलकिले केले की बारकावे जातात आणि उजेड-अंधाराची ढोबळ मांडणी उरते. वजन कुठे आहे, वर की खाली? नजर आधी कुठे जाते, तिथून कुठे घसरते?

मग हातभर अंतरावर जायचं (हात लावायचा नाही, रखवालदार बिचारे दिवसभर तेच सांगत असतात). आता कडा पाहायच्या. एक रंग दुसऱ्याला भेटतो तिथे काय होतं? कापल्यासारखी रेषा आहे, की एकात दुसरा विरघळतो? कुठला थर आधीचा, कुठला नंतरचा, हे ओळखायचा प्रयत्न करायचा. माझ्यासाठी हा सगळ्यात रमवणारा भाग आहे, कारण इथे चित्र वस्तू राहत नाही, घडलेली घटना होते. कोणीतरी इथे थांबलं होतं, इथे खरवडलं, इथे सोडून दिलं. शेवटी, एका खुणेवर तळहाताचा आडोसा धरायचा, म्हणजे ती झाकली जाईल. चित्र तेवढंच राहिलं का, की एका बाजूला कलंडलं? कलंडलं, तर ती खूण तिथे उगाच नव्हती.

आत्या सातव्या-आठव्या मिनिटाला म्हणाली, “हा मधला पट्टा पुढे येतो, आणि जरा वेळाने मागे जातो.” मी काही सांगितलेलं नव्हतं. तिने पाहिलं होतं. चित्र ‘कळणं’ म्हणतात त्यातला मोठा भाग हाच आहे, असं मला मनापासून वाटतं. ‘हे दुःखाचं प्रतीक आहे’ असं कोणी सांगण्यापेक्षा ‘पट्टा मागे जातो’ हे स्वतः पाहणं शंभर पटींनी मोलाचं.

अर्थात प्रत्येक आधुनिक चित्र असं निःशब्द नसतं. काही चित्रांमागची हकीकत माहीत नसेल तर आपलं नुकसानच होतं. तय्यब मेहतांचं उदाहरण घ्या. सपाट रंगाचे मोठे भाग, त्यात तुटल्यासारखी, कोसळणारी माणसाची आकृती. नुसतं पाहिलं तरी काहीतरी हलतं. पण १९४७ च्या दंगलीत मुंबईत त्यांनी आपल्या खिडकीतून एका माणसाला जमावाकडून ठार होताना पाहिलं होतं, हे कळल्यावर ती आकृती पुन्हा पाहा. कत्तलखान्यात पाय बांधून पाडलेला बैलही त्यांच्या चित्रांत वर्षानुवर्षं येत राहिला. पिकासोचा बैल वजाबाकीतून मोकळा होत जातो, मेहतांचा बैल जखडलेला आहे. दोन्ही चित्रांत तपशील जवळपास सारखेच कमी, परिणाम मात्र उलटे. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: आधी डोळे, मग पाटी, आणि चित्राने पकडलं तर घरी जाऊन चित्रकाराबद्दल वाचन. उलट क्रमाने गेलं की आपण माहितीच पाहतो, चित्र राहून जातं.

नसरीन मोहमदींची रेखाटनं कुठे पाहायला मिळाली तर सोडू नका. कागद, पेन्सिल, शाई आणि सरळ रेषा, बाकी काही नाही. त्या बडोद्याला शिकवत, १९९० मध्ये गेल्या. रेषांमधलं अंतर किंचित कमी-जास्त होत जातं आणि सपाट कागद वाकल्यासारखा दिसू लागतो. रंगाचाही आधार नसताना नजर कशी हलते, हे त्यांच्याकडून शिकावं.

आता तो नेहमीचा आक्षेप, ‘हे तर माझा मुलगाही काढेल.’ याला हसण्यावारी नेऊ नये, प्रश्न रास्त आहे. लहान मुलाच्या चित्रात खरोखर ताकद असते आणि ती मिळवायला मोठमोठ्या चित्रकारांनी जन्म घालवला. पण मुलाला तेच चित्र उद्या पुन्हा काढायला सांगा, किंवा आज कुठे थांबायचं ते ठरवायला सांगा. मूल रंगवत जातं ते कागद फाटेपर्यंत किंवा जेवायला हाक मारेपर्यंत. गायतोंडे वर्षाकाठी जेमतेम पाच-सहा कॅनव्हास पुरे करत. बाकीचा वेळ पाहण्यात आणि विचारात जाई. १९८४ मधल्या अपघातानंतर मोठे कॅनव्हास काही वर्षं थांबले, तेव्हा त्यांनी कागदावर शाईने काम केलं. ती छोटी रेखाटनं पाहिली की कळतं, रोलर नसतानाही निर्णय त्याच माणसाचा आहे. ही सलगता मुलाकडे नसते, आणि नक्कल करणाऱ्याकडेही नसते.

म्हणून एखादा चित्रकार आवडला की नाही हे एका चित्रावरून ठरवू नये. चार-पाच एकत्र पाहावीत. चांगल्या चित्रकाराची चित्रं एकमेकांना समजावतात. सुमार कामात तीच युक्ती पुन्हा पुन्हा दिसते, आणि आधुनिक नावाखाली सुमार काम भरपूर आहे हेही स्पष्ट सांगायला हवं. न आवडण्याचा हक्क सोडू नका. फक्त ‘कळलं नाही’ म्हणून नावडलं की ‘पाहिलं आणि पोकळ वाटलं’ म्हणून नावडलं, हे स्वतःला विचारा.

किमतीचं काय, हेही लोक विचारतात. डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईत झालेल्या एका लिलावात गायतोंड्यांचं १९७९ चं एक चित्र २३ कोटी ७० लाखांना गेलं. तो माणूस २००१ मध्ये दिल्लीत जवळजवळ एकांतातच गेला होता. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचं प्रदर्शन भरवलं, तेही त्यांनी पाहिलं नाही. लिलावातला आकडा चित्राची दुर्मिळता आणि घेणाऱ्यांची चढाओढ सांगतो. पट्टा मागे कसा जातो याबद्दल त्यात एक अक्षर नसतं. चित्रासमोर जाताना तो आकडा डोक्यात नसेल तर उत्तम.

सुरुवात कुठून करायची म्हणाल तर मुंबईत काळा घोड्याच्या आसपास एक दुपार पुरते. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आणि छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयातलं जहांगीर निकल्सन यांच्या संग्रहाचं दालन रस्ता ओलांडला की समोरासमोर आहेत. टांगलेली चित्रं बदलत राहतात, त्यामुळे कोण भेटेल ते त्या दिवसावर. एका फेरीत सगळं पाहायचा हट्ट नको. तीन चित्रं निवडायची आणि त्यांना वेळ द्यायचा.

मग जहांगीर आर्ट गॅलरीत जा. १९५२ पासून ती उभी आहे आणि आत जायला पैसे पडत नाहीत. तिथे आणखी एक सोय आहे जी मोठ्या संग्रहालयांत नाही: बऱ्याचदा चित्रकार स्वतः कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलेला असतो. सांगली, कोल्हापूर, नागपूर, कुठून कुठून आलेला, आठवडाभर लोकांना येता-जाता पाहणारा. त्याला ‘याचा अर्थ काय’ विचारलंत तर तो पाठ केलेली दोन वाक्यं सांगेल. आत्याने त्या दिवशी एका तरुण चित्रकाराला वेगळंच विचारलं, “बाळा, हे पुरं झालं हे तुला कधी कळलं?” तो मुलगा क्षणभर गप्प झाला. मग खुर्चीवरून उठला, तिला चित्राच्या उजव्या खालच्या कोपऱ्याशी घेऊन गेला आणि एका हिरव्या डागाकडे बोट दाखवून सांगू लागला, की हा आधी दुप्पट मोठा होता.